लिस्बनला तीन दिवस: मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनमध्ये राहायला लागल्यापासून दर मार्च-एप्रिलमध्ये फोन सुरू होतात. आत्येबहिणीच्या नणंदेपासून शाळेच्या ग्रुपवरच्या विसरलेल्या मित्रापर्यंत सगळे थोड्याफार फरकाने तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी मूळचा वसईचा. त्यामुळे मधूनमधून किल्ला डोकावेल, त्याला इलाज नाही.

तीन दिवस पुरतात का?

शहरापुरते पुरतात. एक दिवस जुन्या टेकड्यांचा, एक नदीकाठच्या बेलें भागाचा, एक नुसतं भटकण्याचा. गडबड होते ती 'तीन दिवसांत लिस्बन, सिंत्रा, पोर्तो आणि जमलं तर फातिमा' अशा यादीमुळे. असे पाहुणे मी पाहिलेत. त्यांच्या फोटोंत सगळं असतं आणि आठवणीत फक्त बस. पोर्तो पुढच्या खेपेला ठेवा. सिंत्राबद्दल खाली लिहिलंय.

कधी यावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि गर्दी त्याहून कडक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे दिवस, पण आपल्यासारखी संततधार नसते. दोन दिवस कोसळला की तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. जूनचा दुसरा आठवडा वेगळाच: १२ तारखेच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो. गल्लीबोळांत कोळशावर सार्डिन भाजतात, झिरमिळ्या लावतात आणि पहाटेपर्यंत कोणी झोपत नाही. जग ज्याला पादुआचा अँथनी म्हणतं तो मुळात लिस्बनचा, आणि हे इथले लोक तुम्हाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत. त्या आठवड्यात यायचं तर खोली फार आधी धरा. अल्फामा या जुन्या वस्तीच्या मधोमध घेतलीत तर कानात घालायला बोळेही आणा.

व्हिसा आणि विमानाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. पोर्तुगालचे अर्ज आपल्याकडे व्हीएफएसच्या केंद्रांत घेतात. प्रवासाआधी ६ महिन्यांपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण इतकं ताणू नका. प्रौढ माणसाची फी ९० युरो, शिवाय केंद्राचे वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. एकाच सहलीत तीन देश करणार असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. 'तिथे लवकर मिळतो' म्हणून दुसरीकडे करू नका.

मुंबईहून सरळ विमान नाही. दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट असं कुठेतरी बदलावं लागतं. घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. आईला फोन करायची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

मेट्रोने. विमानतळ शहरातच आहे. लाल मार्गावर बसायचं, अलामेदाला हिरव्यावर बदलायचं, की रोसियू किंवा काइश दो सोद्रे. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक. स्टेशनवरच्या यंत्रात 'नवेगांत' नावाचं कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, त्यात पैसे भरून मेट्रो, बस, ट्राम, फेरी, लोकल सगळं चालतं. माणशी एक कार्ड लागतं. चौघांत एकच कार्ड दारावर चारदा टेकवणारं एक कुटुंब मी अर्धा तास अडकलेलं पाहिलंय.

२८ नंबरची ट्राम चुकवू नका म्हणतात. खरं का?

ट्राम सुंदर आहे. लाकडी बाकांचा, १९३० च्या दशकातल्या बांधणीचा पिवळा डबा. तो घरांच्या इतक्या जवळून जातो की खिडकीतली तुळस (हो, तुळशीचीच एक जात, संत अँथनीच्या उत्सवाला भेट देतात) हाताला लागेल असं वाटतं. पण सकाळी दहानंतर मार्तीं मोनीशच्या थांब्यावर रांग लागते आणि आत विरार लोकल. तशी लोकल आपल्याला नवीन नाही, पण इथे खिसेकापूही त्याच भरवशावर चढतात.

माझा उपाय असा: सकाळी लवकर, आठच्या आधी चढा. नाहीतर दुसऱ्या टोकाला, काम्पो द ओरीकच्या प्राझेरेश दफनभूमीपाशी जाऊन तिथून बसा, तिकडे जागा मिळते. तिकीट ट्राममध्ये चढून काढू नका, कार्डापेक्षा बरंच महाग पडतं.

दोरीच्या गाड्या, म्हणजे चढावर वर-खाली करणारे पिवळे डबे, यांच्याबद्दलही विचारतात. त्यांतल्या ग्लोरिया मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये दोर तुटून डबा घसरला आणि १६ माणसं गेली. त्यानंतर या गाड्या थांबवण्यात आल्या. यायच्या वेळी कोणत्या चालू आहेत ते बघा.

आईबाबांना घेऊन येतोय. चढ झेपतील का?

हा सगळ्यात खरा प्रश्न, आणि सहल विकणारे याचं उत्तर कधीच सरळ देत नाहीत. लिस्बन सात टेकड्यांचं म्हणतात. मोजायला गेलात तर जास्त भरतील. त्यात इथले फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे मुठीएवढे तुकडे हाताने बसवलेले. दिसायला रांगोळी, पण गुळगुळीत झालेले, आणि पावसात शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या. रबरी तळव्याचे बूट घाला. नवीन चपला, टाचांचे सँडल वगैरे घरीच राहू द्या.

युक्ती सोपी आहे: वर जायचं ते गाडीने, खाली यायचं ते पायी. ग्रासाच्या टेकडीवर टॅक्सीने जा, सेन्योरा दो मोंते या ठिकाणाहून सगळं शहर पाहा, मग पोर्ताश दो सोल, सांता लुझिया, कॅथेड्रल असे उतरत नदीपर्यंत या. माझ्या वडिलांचे गुडघे दुखरे, तरी त्यांनी हा रस्ता तीन ठिकाणी कॉफी पीत दोन तासांत पार केला. इथली छोटी कडक कॉफी, 'बिका', साधारण एक-दीड युरो. बसायला मिळतं ते त्याच पैशांत.

बायशा या खालच्या भागातून वर कार्मोला जायला सांता जुस्ता ही १९०२ ची लोखंडी लिफ्ट आहे. तिच्या रांगेत तास घालवू नका. कार्मोच्या चौकातून तिच्या वरच्या पुलापर्यंत चालत जाता येतं.

अल्फामात पाहायचं काय?

खास काही नाही, आणि तेच पाहायचं. वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या, वाट संपते तिथे अचानक नदी. अल्फामा हे नावच अरबी, 'अल-हम्मा' म्हणजे गरम पाण्याचे झरे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेशने क्रुसेडवर निघालेल्या जहाजांतल्या योद्ध्यांची मदत घेऊन हे शहर मूरांकडून जिंकलं, तोवर चारशेहून अधिक वर्षं इथे मुसलमानी सत्ता होती. गल्ल्यांचं वळण अजून तेच आहे. नकाशा बंद करा. हरवलात तरी उतार नदीकडेच नेतो.

साँ जॉर्ज किल्ल्याचं तिकीट काढावं का, असं विचाराल तर सिंहगड-रायगड चढलेल्या माणसाला तटबंदी साधीच वाटेल. मोर आहेत, दृश्य छान आहे. पण तसंच दृश्य बाहेरच्या कठड्यांवरून फुकट आहे. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर तेवढ्या वेळात जवळचा 'फैरा दा लाद्रा' हा जुना बाजार पाहा.

खालचा भाग इतका चौकोनी आणि नवा का दिसतो? ऐतिहासिक शहर ना हे?

कारण जुनं एका सकाळी गेलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या पुढे धरणीकंप झाला. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तिथे त्सुनामीच्या लाटांनी गाठलं. आणि त्या मेणबत्त्यांनी, चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. आज जो भव्य चौक आहे, प्रासा दो कोमेर्सियू, तिथे राजवाडा होता, आणि त्याला लागून कासा दा इंदिया, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मिरीचे हिशेब, जहाजांच्या याद्या, नकाशे, सगळं गेलं. लोक अजूनही त्या चौकाला 'राजवाड्याचं अंगण' अशा अर्थाच्या जुन्या नावानेच, तेरैरो दो पासो म्हणूनच ओळखतात. वाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली.

मार्केश द पोंबाल या मंत्र्याने मग बायशा हा भाग सरळ रेषांत पुन्हा बांधला. भिंतींच्या आत लाकडाचा फुल्याफुल्यांचा सांगाडा घातला, 'गायोला' म्हणजे पिंजरा, धक्का बसला तर डोलेल पण कोसळणार नाही असा. भूकंप मनात धरून एवढा मोठा भाग बांधण्याचा युरोपातला हा फार लवकरचा प्रयत्न. त्याची चाचणी घ्यायला नमुन्याच्या इमारतीभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, अशी गोष्ट सांगतात.

ते सगळं डोळ्यांनी पाहायचं तर कार्मोच्या मठात जा. भूकंपात छत पडलं, आणि चर्च तसंच ठेवलंय. उघड्या कमानी, वर आकाश, खाली गवत. वसईच्या किल्ल्यातली चर्चं ज्याने पाहिली आहेत त्याला इथे काय वाटतं ते मी सांगत नाही. एक भूकंपाने असं झालेलं, दुसरं लढाई आणि काळाने, पण कमान तीच.

बेलेंला वास्को द गामाची कबर आहे ती पाहावी का?

पाहावी. चर्चमध्ये शिरल्याशिरल्याच आहे, आणि चर्चला तिकीट नाही. तिकीट आहे ते शेजारच्या मठाच्या आतल्या चौकाला, रांगही त्याचीच लांब. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. हे वाचूनही दर महिन्याला कोणीतरी सोमवारी तिथून मला फोन करतं.

मठ मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधायला घेतला आणि पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या विसाव्या हिश्शाच्या करातून. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीतून. खांबांवर नीट पाहा: दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, शंख-शिंपले, समुद्री वनस्पती. आतल्या चौकासाठी तिकीट काढायचंच असेल तर हे कोरीवकाम त्याचं कारण आहे.

गामा १४९७ च्या जुलैमध्ये इथूनच निघाला आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला. मेला मात्र कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. पहिल्यांदा पुरलाही तिथेच. कबरीसमोर कवी लुईश द कामोंइशची कबर आहे. गामाच्या सफरीवर महाकाव्य रचणारा हा माणूस स्वतः गोव्यात काही वर्षं राहिला होता.

बेलेंच्या बुरुजावर गेंडा आहे म्हणे?

आहे, आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवून राजाकडे पाठवला, आणि २० मे १५१५ ला तो बेलेंला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जुन्या ग्रंथांत हत्ती आणि गेंडा हाडवैरी असं लिहिलेलं, म्हणून राजाने दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती पळून गेला. त्याच वर्षी जर्मनीत चित्रकार ड्यूररने, प्राणी न पाहता, नुसतं वर्णन आणि रेखाटन मिळवून त्याचं ते चिलखत घातल्यासारखं चित्र लाकडात कोरलं, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा म्हणजे तसाच समजत होता. खुद्द गेंडा पोपला भेट म्हणून निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. साखळदंड बांधलेले, पोहणार कसा?

तेव्हा बुरुजाचं काम चालूच होतं. एका कोपऱ्यातल्या लहान मनोऱ्याच्या खाली, आधाराच्या दगडात त्याचं डोकं कोरलंय. आता पार झिजलंय. बुरुज दुरुस्तीसाठी बंद असला तरी वाईट वाटून घेऊ नका, आत अरुंद जिना आणि गर्दी याखेरीज फारसं नाही. गेंडा बाहेरच आहे.

नदीकाठचं ते मोठं जहाजासारखं स्मारक कसलं?

'शोधांचं स्मारक'. नाळेवर राजपुत्र हेन्री, मागे दोन्ही बाजूंनी रांगेत दर्यावर्दी, पाद्री, नकाशेकार, कवी. एकूण ३३ जण. त्यात वास्को द गामा आहे, अल्बुकर्क आहे, सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे. पहिल्यांदा १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं, मग १९६० मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत काँक्रीट आणि दगडात पक्कं केलं. तारीख लक्षात ठेवा: पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

समोर जमिनीवर संगमरवरी होकायंत्र आणि जगाचा नकाशा आहे, त्यावर कुठे कधी पोचले त्याची सालं. पर्यटक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढतात. मीही पहिल्यांदा काढला. आता पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा बाजूला बाकावर बसतो. 'शोध लावला' हे क्रियापद कोणाच्या तोंडी शोभतं आणि कोणाच्या नाही, यावर इथल्या पोर्तुगीज मित्रांशी माझे बरेच वाद झालेत, आणि सांगायला बरं वाटतं की त्यांतले निम्मे माझ्या बाजूचे असतात.

मुंबई जिच्या आंदणात गेली ती राणी इथलीच ना?

इथलीच. ब्रागांझा घराण्याची कॅथरीन. १६६१ च्या तहात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई बेट आणि टँजियर गेलं. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परतली, १७०५ मध्ये वारली, आणि आज साँ विसेंत द फोरा या मठातल्या राजघराण्याच्या समाधिस्थानात आहे. फैरा दा लाद्राचा बाजार याच मठाच्या मागे भरतो. तिचा एक पुतळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार्के दाश नासोइशमध्ये उभा आहे. दक्षिण मुंबईत घरभाडं भरणाऱ्या प्रत्येकाने एकदा जाऊन जाब विचारावा.

गोव्याच्या लोकांसाठी आणखी एक जागा: बाइरो आल्तोजवळचं साँ रोकचं चर्च. बाहेरून इतकं साधं की माणूस ओलांडून पुढे जातो. आत जेझुइटांचं सोनं, आणि वस्त्रागारात सेंट झेवियरच्या आयुष्यावरची सतराव्या शतकातली चित्रांची मालिका. जुन्या गोव्यात बाँ जेझूमध्ये शवपेटी पाहिलेल्या माणसाला ही चित्रं पाहताना गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मिळतो.

कशकाइशच्या समुद्रावर जावं का?

अर्धा दिवस असेल तर जा. काइश दो सोद्रेहून लोकल, चाळीसेक मिनिटं, डाव्या खिडकीला नदी आणि मग समुद्र. गाव टापटीप, पाणी थंडगार. अलिबागची सवय असलेल्याने पाय बुडवून पाहावेत आणि मग ठरवावं.

पण मी या गाडीचं नाव काढतो ते वाटेतल्या एका स्टेशनासाठी. त्याचं नाव काशियास. तिथल्या किल्ल्यात सालाझारच्या काळी राजकीय कैदी ठेवत, आजही तिथे तुरुंग आहे, त्यामुळे पाहायला जाण्यासारखं काही नाही. सांगलीचे मोहन रानडे इथे होते. १९५५ मध्ये गोव्यात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले, लांबलचक शिक्षा झाली, आणि पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी इकडे महाराष्ट्रात सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. सुटका झाली १९६९ च्या जानेवारीत. म्हणजे ज्यासाठी लढले ते मिळाल्यावरही सात वर्षं हा माणूस या किनाऱ्यावर कोठडीत होता. साध्या लोकल तिथे मिनिटभर थांबतात. मी उतरत नाही, फक्त त्या मिनिटात फोन खाली ठेवतो.

त्या काळाबद्दल पाहायचं असेल तर कॅथेड्रलजवळ 'अल्जूब' हे संग्रहालय आहे, जुन्या तुरुंगाच्याच इमारतीत, २०१५ पासून. एक तास पुरतो.

सिंत्रा करावं का नाही?

चौथा दिवस असेल तर. रोसियूहून लोकलने चाळीस मिनिटं, पेना राजवाड्याचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढायचं. राजवाडा पिवळा-लाल, टेकडीवर, धुक्यात. फोटोत जसा दिसतो तसाच आहे, हीच त्याची अडचण. मला तिथलं वेगळंच आठवतं: गोव्याचा व्हाइसरॉय जुआँव द कास्त्रो याच्या सिंत्राच्या मळ्यात सोमनाथहून आणलेला एक संस्कृत शिलालेख होता, सन १२८७ चा. इतिहासाच्या अभ्यासकांत तो 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणूनच ओळखला जातो. सोमनाथचा लेख आणि नाव सिंत्राचं!

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण बोलावं लागेल. 'मांस नको' म्हटलं की मासे येतात, कारण इथे मासे म्हणजे मांस नव्हे. 'सें कार्न, सें पैश' असं दोन्ही म्हणा. काल्दो व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप छान असतं, पण वर चोरिसोची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती तरंगते. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी रागावत नाही.

कोपऱ्यावरच्या बेकरीत 'शामूसा' दिसेल. तो आपला समोसा, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने इथे येऊन पक्का पोर्तुगीज झालेला. आत बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते, विचारून घ्या. पास्तेल द नाता हा कस्टर्डचा पेढा अंड्याच्या बलकाशिवाय होत नाही. बेलेंचं १८३७ पासूनचं दुकान प्रसिद्ध आहे, रांग दिसली तर घाबरू नका, ती बांधून नेणाऱ्यांची. आत बसायला भरपूर खोल्या आहेत. गरम असतानाच खा, वरून दालचिनी.

डाळ-भात हवाच असेल तर मार्तीं मोनीशच्या मागच्या गल्ल्या. लुमियारला महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर राधाकृष्णाचं मंदिर आहे. बहुतेक मंडळी दीवहून आणि मोझांबिकहून आलेले गुजराती. आवारात शाकाहारी जेवण मिळतं. सासूबाईंना तिथे नेलं तेव्हा त्या सबंध सहलीत पहिल्यांदा हसल्या.

भाषा येत नाही. अडेल का?

इंग्रजी बऱ्यापैकी चालतं. स्पॅनिश मात्र झाडू नका, समजतं पण आवडत नाही. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु', बाईने 'ओब्रिगादा'.

आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पोर्तुगीज तुम्हाला येतं. पाव, बटाटा, अननस, काजू, कोबी, चावी, बादली, घमेलं, पिंप, फीत, पगार, लिलाव, तुरुंग. सगळे याच बंदरातून आपल्याकडे उतरलेले. आईने बाजारात 'बटाटा' असं बोट दाखवून म्हटलं, भाजीवाल्याने 'बटाता' म्हणून पिशवीत भरले, आणि त्यानंतर ती कोणाशीही बिनधास्त मराठीत बोलू लागली. एकच सावधगिरी: मेनूवर 'पेरू' दिसला तर फळ समजून मागवू नका, तो टर्की पक्षी आहे.

फादो, म्हणजे इथलं ते उदास गाणं, ऐकायला कुठे जावं?

अल्फामात किंवा मोरारियात, लहान जागा बघून. दिवे मंदावले की गप्प बसायचं, काटे-चमचेही वाजवायचे नाहीत. शब्द कळत नाहीत, पण विरहिणी ऐकून वाढलेल्याला फारसं अडत नाही. जेवणाचा किमान खर्च आधी विचारा.

सुरक्षित आहे का?

हो. पाकीट तेवढं पुढच्या खिशात. बायशात कोणी कानाशी येऊन गांजा-चरस पुटपुटेल, मान हलवून चालत राहा. विकतात तेही बहुधा दाबलेलं तमालपत्र असतं. अडचणीत ११२.

आजोबांचा जन्म पोर्तुगीज गोव्यातला. येतोच आहे तर नागरिकत्वाचं काम होईल का?

तीन दिवसांत नाही. ते नोंदणीचं, कागदपत्रांचं आणि वकिलाचं काम आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, हे घरात आधी नीट बोलून घ्या. मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कोश्ता इथे आठ वर्षं पंतप्रधान होते हे खरं, पण त्यामुळे खिडकीवरची रांग छोटी झालेली नाही.

हॉटेलने जादा पैसे मागितले, फसवणूक आहे का?

नाही. पालिकेचा पर्यटन कर आहे, माणशी रात्रीला ४ युरो, १३ वर्षं आणि त्यावरील सगळ्यांना.

येताना तुमच्यासाठी काय आणू?

विचारता याबद्दल आभार. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कोकम. पेढे, श्रीखंड, तूप नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मे महिन्यात येणारे हापूसची पेटी आणतो म्हणतात, तीही नको. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि दुरियनला. ज्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून हापूसला नाव पडलं म्हणतात, तो बेलेंच्या चौकात उंच खांबावर उभा आहे, आणि त्याच्या गावात हापूस जप्त होतो. अननस चालतो.